आधी सांधा बघा

खोका उघडला की आत यंत्रमानव नसतो. असतात त्या प्लास्टिकच्या चौकटी. एकेका चौकटीत लहानमोठे तुकडे बारीक दांड्यांनी धरून ठेवलेले, प्रत्येकाशेजारी एक आकडा, चौकटीच्या कोपऱ्यात एक इंग्रजी अक्षर. सोबत पत्रक असतं. त्यात वाचण्यासारखं फारसं नाही, सगळी चित्रंच. डिंक नाही, स्क्रू नाही, रंगाची डबी नाही. निपरनं, म्हणजे बारीक कटरनं, तुकडा कापायचा, त्याची खुंटी दुसऱ्याच्या भोकावर धरायची आणि अंगठ्यानं दाबायचं. ‘खट’ असा आवाज आला की जोड बसला. असे शे-दीडशे जोड बसले की टेबलावर वीतभरापेक्षाही लहान यंत्रमानव उभा राहतो. त्याची मान वळते, कोपर दुमडतो, गुडघा टेकून तो बसूही शकतो.

हे पुस्तक अशा यंत्रमानवांविषयी आहे: ते जोडायचे कसे आणि जोडून झाल्यावर त्यांची पारख करायची कशी. लिहिणारी मुलंमुली सांगलीजवळच्या माधवनगर-बुधगावची. काही इंजिनिअरिंग शिकताहेत, काहींच्या घरी अजून माग चालतात. प्रस्तावना मी लिहावी असा त्यांचा आग्रह, याचं कारण माझी नोकरी. मी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत साचे घडवले. बादल्या, स्विचची झाकणं, बाटल्यांची बुचं, पंपाचे बारके भाग. खेळण्याचा साचा माझ्या हाताखालून कधी गेला नाही. त्यामुळे या मुलांनी एक चौकट माझ्यापुढे ठेवली तेव्हा ती कोणत्या मालिकेतल्या कोणत्या वीराची आहे हे मला कळलं नाही, पण तिच्यामागचा साचा मात्र लख्ख दिसला. आणि तो पाहून माझ्या मनात त्या अनोळखी कारागिरांविषयी जो आदर दाटला, तो या प्रस्तावनेत नीट मांडता आला तर माझं काम झालं.

साच्याचं काम ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो, कारण पुढची सगळी प्रकरणं यावरच उभी आहेत. पॉलिस्टायरीनचे दाणे दोनशे अंशांच्या आसपास वितळवून मोठ्या दाबानं पोलादी साच्यात सोडतात. रस ज्या वाटेनं जातो ती वाट म्हणजे रनर. मुलं जिला चौकट म्हणतात ती हीच. रनरमधून तुकड्यात शिरायचं अरुंद तोंड म्हणजे गेट. रस थिजला की साचा उघडतो, मागून इजेक्टर पिना ढकलतात आणि अख्खी चौकट बाहेर पडते. इथपर्यंत बादली आणि यंत्रमानव यांत फरक नाही.

फरक पडतो तो थंड होताना. पॉलिस्टायरीन निवताना आकसतं, साधारण ०.४ ते ०.७ टक्के. पन्नास मिलिमीटरच्या तुकड्यात हा हिशेब ०.२ ते ०.३५ मिलिमीटरवर जातो. बादलीला एवढ्याचं सोयरसुतक नसतं. पण डिंकाशिवाय बसणाऱ्या जोडात खुंटी भोकापेक्षा किंचित जाड असावी लागते, आणि हे ‘किंचित’ मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायचं असतं. जाडी कमी पडली तर हात उचलताच खांदा निखळतो. जास्त झाली तर भोकाची भिंत आधी पांढरी पडते आणि मग चिरते. म्हणजे जे प्लास्टिक पाव मिलिमीटर आकसणार आहे, त्याच्याकडून शंभराव्या भागाची शिस्त पाळून घ्यायची. तीही एका तुकड्यात नव्हे, चौकटीतल्या प्रत्येक तुकड्यात, आणि जाड भाग व पातळ भाग सारखे आकसत नाहीत हे लक्षात ठेवून. शिवाय साच्यातून निघणारा पहिला नग आणि हजारो नगांनंतरचा नग, दोन्ही सारखेच बसले पाहिजेत. ज्यानं पोलादावर असं काम एकदा तरी केलं आहे, त्याला त्या ‘खट’ आवाजात किती रात्रींचं जागरण आहे हे सांगावं लागत नाही.

आणखीही गोष्टी आहेत. तुकडा साच्यातून सुटावा म्हणून उभ्या भिंतींना अर्ध्या-एक अंशाचा उतार द्यावा लागतो. यंत्रमानवाच्या चिलखताला मात्र डोळ्यांना सरळ, धारदार कडा हव्यात. मागे आधाराची फासळी जाड झाली की पुढच्या गुळगुळीत पृष्ठावर खळगा पडतो. म्हणून फासळी भिंतीच्या निम्म्याच्या आसपास जाडीची ठेवण्याचा आमच्या धंद्यातला जुना नियम. गेट कुठं ठेवायचं हा वेगळाच पेच. ते जिथं असेल तिथं कापल्याची खूण राहणार. चांगल्या किटमध्ये गेट अशा जागी सरकवलेलं असतं की जोड बसल्यावर खूण दुसऱ्या तुकड्याखाली झाकली जाते. दोन अर्धुकांची फट सरळ छातीवर यायची ती चिलखताच्या खाचेत लपवलेली असते, म्हणजे ती फट आहे हेच कळत नाही. मला हे सर्वात भावलं. ज्याला हे साधलं त्यानं साचा आखण्याच्या कितीतरी आधी, कागदावरच, जोडणाऱ्याचे हात डोळ्यांपुढे आणले असले पाहिजेत.

सांध्यांचं प्लास्टिक वेगळं. बाहेरचं चिलखत पॉलिस्टायरीनचं, कारण ते रेखीव निघतं आणि स्वच्छ कापतं. पण ते ठिसूळ असतं, सतत हलणारा कोपर त्याचा केला तर टिकत नाही. म्हणून सांगाड्याला एबीएस हे प्लास्टिक वापरतात, किंवा खुंटीभोवती पॉलिइथिलीनची मऊ टोपी बसवतात. टोपी खुंटीला आवळून धरते, तरी फिरू देते. एबीएसचा एक मोठा दोष लक्षात ठेवायला हवा. ताणाखाली असलेल्या एबीएसवर रेघा भरायचं पातळ इनॅमल किंवा थिनर ओघळलं की ते तडकतं, आणि तेही ताबडतोब नाही. रात्री ठीक असलेला गुडघा सकाळी दोन तुकड्यांत सापडतो. पुस्तकात ही सूचना ठळक छापली आहे. ती सोडून पुढं जाऊ नका.

आता यंत्रमानव उभा राहतो कसा, हे. या छंदातला सर्वांत प्रसिद्ध यंत्रमानव म्हणजे जपानी मालिकेतला ‘गंडाम’. कथेत त्याची उंची १८ मीटर. १:१४४ या प्रमाणात तो साडेबारा सेंटिमीटरचा होतो, १:१०० मध्ये १८ सेंटिमीटरचा, १:६० मध्ये ३० सेंटिमीटरचा. योकोहामाच्या बंदरावर २०२० पासून २०२४ पर्यंत खरोखर १८ मीटर उंचीचा, हलणारा गंडाम उभा होता. त्याला मात्र कमरेमागून आधाराच्या मनोऱ्यानं धरलेलं होतं. टेबलावरचा लहानगा स्वतःच्या पायावर उभा राहतो, मोठ्याला आधार लागतो, याचं कारण साध्या गणितात आहे. सगळी मापं १४४ पट वाढवली तर सांध्याचा छेद २०,७३६ पट वाढतो आणि वजन २९,८५,९८४ पट. म्हणजे त्याच पदार्थाचा असला तर मोठ्याच्या सांध्यावरचा ताण लहानाच्या १४४ पट होतो. शाळेत क्षेत्रफळ आणि घनफळ शिकवताना हा एक यंत्रमानव वर्गात नेला तर अर्धा तास पुरेल.

इतिहास पुस्तकात सविस्तर आहे, मी थोडक्यात आटोपतो. योशियुकी तोमिनो यांची मालिका एप्रिल १९७९ मध्ये सुरू झाली. प्रेक्षक कमी पडले म्हणून ठरलेल्या ५२ भागांऐवजी ती ४३ भागांत, जानेवारी १९८० मध्ये संपवली. त्याच वर्षी जुलैत बांदाई कंपनीनं १:१४४ प्रमाणातलं पहिलं किट ३०० येनला बाजारात आणलं आणि पुनःप्रक्षेपणासोबत मुलांच्या त्यावर उड्या पडल्या. पहिली किटं डिंकानं चिकटवावी लागत आणि रंगही आपणच द्यायचा. डिंकाशिवाय बसणारे आणि रंगीत प्लास्टिकचे जोड हे नंतरच्या दशकभरातलं काम. १९९० मध्ये ‘हाय ग्रेड’, १९९५ मध्ये ‘मास्टर ग्रेड’, २०१० मध्ये ‘रिअल ग्रेड’ अशा पायऱ्या आल्या. रिअल ग्रेडमध्ये एकमेकांना न चिकटणारी दोन प्लास्टिकं एकाच साच्यात ओतून, चौकटीतून निघतानाच हलणारा सांगाडा दिलेला असतो. माझ्या सगळ्या नोकरीत मी यापेक्षा देखणं काम पाहिलेलं नाही.

हे सगळं काम होतं जपानमधल्या शिझुओका शहरात, आणि ती गोष्ट आपल्या भागासाठी विचार करण्याजोगी आहे. शिझुओका मुळात लाकूडकामाचं गाव. तामिया ही तिथली जगप्रसिद्ध प्रतिकृती-कंपनी १९४६ साली लाकडाच्या धंद्यातून निघाली, मग लाकडी प्रतिकृतींकडे वळली आणि १९६० मध्ये ‘यामातो’ या युद्धनौकेच्या रूपानं प्लास्टिकमध्ये उतरली. बांदाईचा यंत्रमानवांचा कारखानाही तिथंच. म्हणजे लाकडावर चालणारे हात पोलादी साच्यावर गेले. हातातलं कसब एका पदार्थातून दुसऱ्यात सरकलं.

सांगली परिसरात असं कसब नव्हतं असं कोणी म्हणू नये. १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ सांगलीत उभं करणारे विष्णुदास भावे आपल्याला मराठी नाटकाचे जनक म्हणून माहीत आहेत. ते लाकडी बाहुल्या घडवणारेही होते, हे कमी जणांना ठाऊक असतं. सांधे असलेल्या, दोऱ्यांवर हलणाऱ्या त्यांच्या कळसूत्री बाहुल्या पुढं रामदास पाध्ये यांनी पुन्हा खेळत्या केल्या. बाहुलीचा खांदा सैल ठेवायचा की घट्ट, मनगटाला किती अंशांची मोकळीक द्यायची, वजन कुठं ठेवलं म्हणजे मान आपोआप सरळ राहील, हे प्रश्न भाव्यांना पडले असणारच. जपानी आखणीकाराला पडतात ते हेच. मला तरी या दोघांत दीडशे वर्षांपेक्षा अधिक अंतर वाटत नाही.

दुसरं उदाहरण अलीकडचं. अरविंद गुप्ता यांनी १९७८ मध्ये होशंगाबादच्या विज्ञान कार्यक्रमात काम करताना आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांतून एक जोडणी तयार केली. रबरी नळीच्या तुकड्यात काडी दाबून बसवायची, की झाला सांधा. त्रिकोण ताठ राहतो, चौकोन ढासळतो, हे मुलांना हातांनी कळतं. पुढं पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून ही खेळणी महाराष्ट्रभर गेली. २०१८ मध्ये गुप्ता यांना पद्मश्री मिळाली. आता ही काडी आणि ती नळी नीट पाहा. काडी नळीच्या भोकापेक्षा किंचित जाड, नळी ताणून तिला आवळते, डिंक नाही. महागड्या जपानी किटमधल्या मऊ टोपीचं तत्त्व तेच आहे. पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात लेखकांनी व्हॉल्व्ह ट्यूबचा प्रयोग दिला आहे, आणि किट परवडत नसेल त्यानं तिथूनच सुरुवात करावी असं मी मनापासून सांगतो.

तिसरं उदाहरण पुण्याचं. कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. हालचाल करणारं आख्खं गाव, रूळ, सिग्नल, घाटाची गाडी. पुण्याला जाणाऱ्यानं ते चुकवू नये. प्रतिकृती हे केवळ लहान मुलांचं वेड आहे असं म्हणणाऱ्यांना ते संग्रहालयच पुरेसं उत्तर आहे.

जोडण्याच्या प्रकरणांविषयी दोन-तीन गोष्टी. तुकडा गेटपाशी एका घावात कापू नका. आधी थोडा लांबून कापा, मग उरलेला खुंट जवळून. एका घावात कापल्यावर प्लास्टिक ताणलं जातं आणि पांढरा डाग आत उतरतो. तो पॉलिश पेपरनं निघत नाही. खुंट घासताना ४००, ६००, ८००, १००० असे क्रमानं जा. मधला नंबर गाळला की ओरखडे राहतात आणि शेवटच्या फवाऱ्यानंतरच दिसतात. हे सगळं पुस्तकात चित्रांसह आहे.

पण हवामानाचं प्रकरण मला सर्वांत उपयोगी वाटलं, कारण बाहेरच्या कोणत्याही पुस्तकात ते आपल्यासाठी लिहिलेलं सापडणार नाही. पावसाळ्यात मॅट लॅकरचा फवारा मारला की काळा यंत्रमानव राखाडी-पांढरा होतो. अनेक नवशिके डबा खराब निघाला म्हणून तो फेकून देतात. डब्यात दोष नसतो. फवाऱ्यातलं द्रावण झपाट्यानं उडतं, पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी तिथं धरतं. ते लॅकरमध्ये अडकून पांढरं दिसतं. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे हवा ओली असते, तेव्हा फवारायचं काम पुढं ढकलावं किंवा पाऊस उघडलेल्या कोरड्या दुपारी करावं. उन्हाळ्याची भीती मात्र बाळगू नका. पॉलिस्टायरीन मऊ पडतं ते शंभर अंशांच्या आसपास. सांगलीचं चाळीस अंशांचं ऊन त्याला वाकवणार नाही. ऊन करतं ते दुसरं: पांढऱ्या चिलखतावर थेट उन्हाची तिरीप महिनोन्‌महिने पडली तर ते पिवळं पडतं. कपाट खिडकीसमोर ठेवू नका, एवढाच उपाय.

सांधे सैल झाले तर काय, हा प्रश्न मुलांनी मलाही विचारला होता. गोल खुंटीवर पातळ इन्स्टंट ग्लूचा किंवा पारदर्शक नेलपॉलिशचा एक लेप द्यायचा, पूर्ण वाळू द्यायचा, मग परत बसवायचं. खुंटी केसभर जाड होते आणि पकड परत येते. वाळायच्या आधी बसवलं तर सांधा कायमचा जाम. साच्यात जे शंभराव्या भागाचं काम राहून गेलं किंवा झिजून गेलं, ते इथं हातानं भरून काढायचं असतं.

आता पुस्तकाचा दुसरा भाग, परीक्षणांचा. माझ्या मते खरं महत्त्व या भागाला आहे.

मराठीत नाटकाचं परीक्षण लिहायची मोठी परंपरा आहे. गाण्याच्या बैठकीवर लिहिणारे होते, कादंबरीची चिरफाड करणारे होते. यंत्रानं घडवलेल्या वस्तूवर मात्र आपण क्वचितच गांभीर्यानं लिहितो. कुकर असो, कुलूप असो, सायकल असो. ती आवडली की नाही एवढं सांगून थांबतो. पण याच जिल्ह्यात, माधवनगरहून त्याच रेल्वेमार्गावर काही स्टेशनं पुढं, १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगराचा कारखाना उभारला आणि १९२० मध्ये त्या कारखान्यातूनच ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली. शंकरराव किर्लोस्करांनी तिचं मोठं मासिक केलं. कारखाना आणि लेखन यांची गाठ बांधायची कल्पना आपल्या मातीतली आहे. मला वाटतं, वस्तूवर वस्तू म्हणून लिहायचं राहून गेलेलं काम अजून करता येईल, आणि त्याला एखाद्या लहान यंत्रमानवापासून सुरुवात करायला हरकत नाही.

म्हणून या मुलांना मी एकच आग्रह केला: परीक्षण लिहिताना आधी सांधा बघा. बहुतेक परीक्षणं उलट्या क्रमानं चालतात. पात्र किती आवडतं, कथेत ते कुठल्या भागात येतं, उभं केल्यावर कसं दिसतं, फोटो. त्यात किटची पारख होतच नाही. पारख होते ती आपल्या आवडीची. ज्यानं मालिका पाहिलेली नाही त्यालाही उपयोगी पडेल तेच परीक्षण. चौकट उजेडाकडे धरून बघा. कडेला फ्लॅशचा पातळ पापुद्रा आहे का? असेल तर साचा झिजला आहे किंवा नीट मिटत नाही. चिलखतावर खळगे आहेत का? गेट कुठं काढलंय, दिसणाऱ्या बाजूला की झाकलेल्या? मग जोडताना हाताला काय सांगितलं जातं ते लिहा. एकच तुकडा दोन्ही बाजूंनी बसत असेल आणि चुकीचा बसल्याचं चार पानांनंतर कळत असेल, तर ती आखणीतली चूक आहे, जोडणाऱ्याची नव्हे. शहाणा आखणीकार खुंटी एका बाजूला चपटी करून तुकडा उलटा बसूच देत नाही. आणि जोडून झाल्यावर लगेच लिहायला बसू नका. यंत्रमानव काही आठवडे उभा राहू द्या. हात वर करून ठेवा. बंदूक धरवा. तो हात हळूहळू खाली आला की नाही, हे पहिल्या संध्याकाळी कळत नाही.

पुस्तकातल्या परीक्षणांनी हा आग्रह पुष्कळसा पाळलाय. कमरेच्या सांध्याविषयीचं एक परीक्षण मला विशेष आवडलं. मांडी बाहेर फाकवली की चिलखताचा घागरा आड येतो, तो आड येऊ नये म्हणून घागऱ्याचे पदर वेगवेगळे हलते केलेत, पण त्यामुळे पदरांच्या बारक्या खुंट्या सारख्या निसटतात. एक सोय करताना दुसरी गेली, आणि लेखिकेनं दोन्ही बाजू तोलून मांडल्या आहेत. असं लिहायला वस्तूशी झटापट करावी लागते.

एका बाबतीत माझा लेखकांशी मतभेद आहे आणि तो त्यांनी प्रस्तावनेत ठेवायला संमती दिली. प्रत्येक परीक्षणाखाली त्यांनी दहापैकी गुण दिले आहेत. मला गुण नकोत. साडेसात आणि आठ यांत काय फरक आहे हे देणाराही सांगू शकत नाही, आणि वाचणारा मजकूर सोडून आकड्याकडे धावतो. टूलरूममध्ये आम्ही साच्याला गुण देत नसू. कुठं चुकलं, किती चुकलं, दुरुस्त होईल का, हे लिहून देत असू. त्या कागदावर पुढचा माणूस काम करू शकतो. मुलांचं म्हणणं, घेणाऱ्याला दोन किटांत निवड करायची असते, त्याला आकडा लागतो. वाचकांनी ठरवावं.

किंमत आणि मिळण्याविषयी. आयात खेळण्यांवरचं सीमाशुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेलं, २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर. जुळवायच्या प्रतिकृती सीमाशुल्काच्या यादीत खेळण्यांच्याच शीर्षाखाली येतात. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक चिन्हही सक्तीचं झालं. मुलांच्या तोंडात जाणाऱ्या रंगांत शिसं असू नये यासाठी कडक नियम हवेतच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण महाग किटाचा एक परिणाम असा की नकली माल शिरतो. खोका हुबेहूब, आत मात्र प्लास्टिक मऊ, कडा बोथट, खुंट्या कुठं सैल तर कुठं इतक्या जाड की भोक फाटतं. मूळ साच्यावरून नक्कल करताना मापं ढळतात. आकसण्याचा हिशेब ज्यानं स्वतः केलेला नाही त्याला तो चोरता येत नाही. नवशिक्यानं असं किट घेतलं तर तो आपल्याच हातांना दोष देतो आणि छंद सोडतो. हे नुकसान पैशांपेक्षा मोठं आहे. ओळखायचं कसं, त्याचं प्रकरण पुस्तकाच्या शेवटी आहे. माझा सल्ला, खरेदीआधी तेच वाचा.

शुल्क वाढवण्यामागचा हेतू इथं खेळणी बनावीत हा होता. तसं असेल तर अशा किटाचा साचाही इथं बनला पाहिजे. माधवनगरची कॉटन मिल, त्यानंतर घराघरांत खडखडणारे माग, विश्रामबागला १९४७ पासून चालत आलेलं इंजिनिअरिंग कॉलेज, बुधगावचं कॉलेज, कुपवाड-मिरजेतल्या टूलरूम, मिरजेत भोपळ्यावर आणि लाकडावर पिढ्यानपिढ्या चाललेलं सतारींचं नाजूक काम: हातांची इथं वाण नाही. गरज आहे ती कुणीतरी बादलीच्या साच्यातून वेळ काढून, साडेबारा सेंटिमीटरच्या एखाद्या आकृतीचा खांदा आखायला बसण्याची. ती आकृती जपानी वीराची असण्याचं कारण नाही. पहिला साचा वाईट निघेल, दुसराही निघेल. पोलाद महाग, हे मला ठाऊक आहे. तरीही पहिल्या प्रयोगासाठी बारा तुकड्यांचा एकच हात पुरे: खांदा, कोपर, मनगट. तेवढा नीट बसला तर बाकीच्याचा हिशेब मांडता येतो. पुस्तकाच्या परिशिष्टात अशा एका हाताचं रेखाटन मी मापांसह दिलं आहे. खुंटीचा व्यास ३ मिलिमीटर धरला आहे, आकसण्याची तूट ०.५ टक्के. कुणाला ते साच्यात उतरवून बघायचं असेल त्यानं मापं जशीच्या तशी घ्यावीत, बदलावीत, आणि जोड बसला की बसला नाही हे मात्र लिहून ठेवावं. पुढच्या आवृत्तीत ते छापायचं लेखकांनी कबूल केलंय.